आमचा टँकर कसा फुटला

ती. मामांना वीरधवलचा दोन्ही हात जोडून, वाकून आणि (आई शेजारीच उभी असल्यामुळे) चांगला जमिनीपर्यंत नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या फोनला तुम्ही म्हणालात की बर्फावरून उतरताना तो कुरकुरतो. तेव्हापासून आई तुम्हाला तेल पाठवायचं म्हणते आहे आणि पप्पा म्हणतात की तिकडं तेलाची वडी होते. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तेल निघालेलं नाही. इकडं आम्ही सगळे खुशाल. ऊन इतकं की पप्पांनी डाळिंबाच्या झाडांना जुन्या साड्या गुंडाळल्यात. लांबून बघणाऱ्याला आपल्या रानात चार-पाच वऱ्हाडं उतरल्यासारखी वाटतात. मामींना व चिंगीला गोड पापे (म्हणजे चिंगीला पापे, मामींना नमस्कार, घाईत एकत्र झालं).

आता तुम्ही म्हणाल, या काळात हा पोरगा पत्र का लिहितोय. कारण असं की माझा फोन पप्पांच्या कपाटात आहे, आणि तो तिथं का आहे हे पत्र वाचता वाचता कळेलच. गेल्या वेळी तुम्ही मोठ्या हौसेनं विचारलंत, "काय रं, तुझा बँड काय म्हणतोय?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुमची रेंज गेली. मामा, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोटात तसंच राहिलंय. उत्तर असं की बँड आता राहिला नाही. आपला टँकर फुटला.

सुरुवात तुम्हाला अर्धीमुर्धी माहीत आहे. सांगलीच्या दादाचं लग्न ठरलं आणि वहिनींनी पहिल्याच भेटीत विचारलं की हे गिटार कुणाचं. दादानं ते त्याच आठवड्यात एस.टी.नं माझ्याकडं पाठवून दिलं. मी ते फोनवर बघून बघून शिकलो. पहिला महिनाभर मी ते उलटं धरत होतो, कारण फोनचा कॅमेरा आरशासारखा दाखवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा सुलटं धरल्यावर प्रगती झपाट्यानं झाली, आणि माझ्या लक्षात आलं की जत तालुक्याला आजवर रॉक बँड मिळालेला नाही. शेजारच्या तालुक्यांची चौकशी केली, तर त्यांनाही तो मिळालेला नव्हता. म्हणजे मैदान मोकळं होतं.

बिरदेवला मी सगळ्यात आधी घेतला. आम्ही बालवाडीपासून एका बाकावर. तो बिरोबाच्या देवळात ढोल वाजवतो, त्याच्या घरी मेंढरं आणि ढोल या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याला मी रॉकचे ताल फोनवर ऐकवले. त्यानं शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "ह्ये आमच्यात हायच की. फकस्त हे लोक जरा घाईत हाईत." दुसरा धम्मपाल. त्याचे वडील जतला बँकेत आहेत, आणि दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात तो असा गातो की मंडपाबाहेर उभी असलेली माणसंसुद्धा बोलायची थांबतात. गाताना तो डोळे मिटून घेतो, त्यामुळे समोरून कोण उठून गेलं हे त्याला कळत नाही (गायकाला हा गुण फार लागतो). गाणी लिहायचाही तोच. आणि कीबोर्डला साक्षी, आमच्या हेडबाईंची मुलगी. आमच्या चौघांत सूर म्हणजे काय हे फक्त तिला माहीत होतं, आणि तिनं ते आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

नावावरून आठवडा गेला. धम्मपालला कवितेसारखं काहीतरी हवं होतं, साक्षीला इंग्रजी हवं होतं. बिरदेव म्हणाला, ज्याची वाट सगळा गाव बघतो असं काहीतरी ठेवा. त्या महिन्यात गाव फक्त एका गोष्टीची वाट बघत होता. बँडचं नाव 'टँकर' ठरलं. मला तर ते फारच आवडलं. त्यात लोखंड आहे, वजन आहे, आणि येताना आवाज होतो.

सरावाला जागा कुणी देईना. आमच्या घरात वाजवलं की म्हैस दूध चोरायची, साक्षीच्या घरी हेडबाई. शेवटी शेजारच्या रानातल्या आप्पासाहेबांनी त्यांचं शेततळं दिलं. मागच्या पावसानं दगा दिल्यामुळे ते कोरडं ठाक होतं, तळाला नुसतं काळं प्लास्टिक. अट एकच, चपला वर काढून उतरायचं आणि प्लास्टिकला भोक पाडायचं नाही. दोराला बांधून आम्ही एकेक वाद्य खाली सोडायचो. मामा, त्या तळात आवाज असा घुमायचा की चुकीची कॉर्डसुद्धा मुद्दाम मारल्यासारखी वाटायची. आप्पासाहेब बांधावर बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "वाईट न्हाई. तळ्यात कायतरी हाय असं तरी वाटतंय." बिरदेवच्या चुलत्याची मेंढरंही काठावर येऊन उभी राहायची आणि गाणं संपलं की हलायची. साक्षी म्हणायची की ती सावलीला येतात. तिथं सावली नव्हती.

तीन गाणी बसली, म्हणून पहिला कार्यक्रम ठरवला. जाहिरात मी केली. साक्षी दोनदा म्हणाली की खाली 'रॉक बँड' असं लिही. मी तिला समजावलं की मोठे बँड फक्त नाव लिहितात, बाकी लोक समजून घेतात. तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या ग्रुपवर एकच मजकूर गेला: 'येत्या रविवारी सायंकाळी मारुतीच्या देवळासमोर टँकर. विनामूल्य. सर्वांनी वेळेवर यावे.'

तुम्ही फौजेतले माणूस, तुमच्या लक्षात पुढचं आलं असेल. माझ्या आलं नाही. रविवारी ऊन कलायच्या आधीच देवळासमोर रांग लागली. आम्ही देवळामागं गिटारच्या तारा ताणत होतो आणि गर्दीचा आवाज वाढत होता. धम्मपाल तर भावुक झाला. साक्षी एकदा डोकावून आली आणि हळूच म्हणाली, "वीरा, सगळ्यांकडं घागरी कशापायी रे?" मी म्हणालो, वाटेत असतील, तशाच आल्या असतील. तेव्हा ती माझ्याकडं जशी बघत राहिली, तशी पुढं अनेकदा बघत राहिली, पण ती पहिली वेळ.

आम्ही ओट्यावर चढलो. समोर घागरी, हंडे, कळश्या, निळी पिंपं, तेलाचे डबे, आणि प्रत्येकामागं एक बाई. आठ दिवस गावात टँकर आलेला नव्हता. सगळ्यांत पुढं सुलाबाई. त्यांना तुम्ही ओळखता, पण आता त्या बचत गटाच्या अध्यक्ष झाल्यात, आणि त्यानंतरच्या सुलाबाई तुम्ही पाहिलेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "टँकर कुठाय?" आणि मामा, मी माइकमध्ये, छाती काढून, उत्तर दिलं, "आम्हीच टँकर."

कडेला उभी असलेली, आमच्या वर्गातल्या बिराप्पाची आजी (तिचं माहेर सीमेपलीकडचं, ती राग आला की अजून कानडीत बोलते) पुढं आली, स्पीकरच्या मागं जाऊन वाकून बघितलं, पाइप सापडला नाही, आणि म्हणाली, "नीर येल्ली?" पाणी कुठंय, एवढंच तिला हवं होतं. बिरदेवनं ढोल अंगावर ओढून घेतला, मला वाटतं ढाल म्हणून. सुलाबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पानी हाय का न्हाई?" मी म्हणालो, नाही. "मग काय हाय?" मागून धम्मपाल म्हणाला, "गाणं हाय." सुलाबाईंनी आपला हंडा पालथा घातला, त्यावर पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "वाजवा मग. रिकामी घागर घिऊन घरी जाऊन तरी काय करायचंय."

आम्ही धम्मपालचंच गाणं घेतलं, कारण तेच एक शेवटपर्यंत बसलेलं होतं. 'आला आला म्हणता म्हणता वळणावरनं गेला, घागर माझी भरली गं बाई, उन्हाचा पूर आला.' पहिल्या कडव्याला कुणी हललं नाही. दुसऱ्याला सुलाबाईंच्या बोटातली अंगठी हंड्यावर वाजायला लागली, ठण, ठण. शेजारणीनं कळशीवर हात टाकला. मग डबे, मग पिंपं. बिरदेवनं आमचा ताल सोडला आणि त्यांचा धरला. मामा, खरं सांगतो, रिकाम्या भांड्यांचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. गाणं संपलं तर त्या थांबेनात, आम्हाला तेच पाचदा गायला लावलं, आणि बिराप्पाची आजी सगळ्यांत शेवटी थांबली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. रातोरात तो तालुकाभर फिरला, आणि कुठल्या साहेबानं तो बघितला देव जाणे, पण खरा टँकर दुसऱ्याच सकाळी आला आणि पुढंही न चुकता यायला लागला. त्याचा ड्रायव्हर मला चौकात गाठून विचारत होता की गाण्यात वळणावरनं गेला तो मीच का. मी व्हय म्हणालो. त्यानं हात मिळवला.

मग सांगलीहून बोलावणं आलं. एका मंडळाची गाण्याबजावण्याची स्पर्धा, मोठं नाट्यगृह, खरा पडदा. निमंत्रणात लिहिलं होतं, 'घागर वाजविणाऱ्या भगिनी व त्यांचे साथीदार'. मी ते बराच वेळ वाचलं. मामा, साथीदार म्हणजे आम्ही. पण पप्पांचा सूर मात्र त्या दिवशी एकदम बदलला. इतके दिवस ते बँडला 'ते खूळ' म्हणायचे. आता म्हणाले, "सुलाबाई हाईत म्हणल्यावर काळजी न्हाई. जा."

तिथून सगळं पालटलं. सराव देवळासमोर आला, कारण दोराला धरून तळ्यात उतरायला भगिनी तयार नव्हत्या. सुलाबाईंची शिस्त अशी की जो उशिरा येईल त्यानं सगळ्यांची भांडी उचलून ठेवायची. मी रोज उचलत होतो. साक्षीला तर खजिना सापडला. तांब्याचा हंडा एका सुरात, पितळेची घागर दुसऱ्या, स्टीलची कळशी तिसऱ्या. सूर चढवायला-उतरवायला आत पाणी घालावं लागतं म्हणे, पण पाणी असं वाजवण्यावर घालवायला कुणाचा हात धजेना, म्हणून तिनं ओढ्यातली वाळू आणवली आणि मुठी-मुठीनं घालून एकेक भांडं सुरात बसवलं. बिरदेव मधे उभा राहून पन्नासेक बायकांना नुसत्या मानेनं खेळवायचा. धम्मपालला रोज कुणी ना कुणी येऊन आपल्या सासूबद्दल एक ओळ सुचवायचं, आणि ती बसायची. मला सांगण्यात यायचं, "वीरू, जरा बारीक." मी बारीक करायचो. "आनखी बारीक."

पण माझा सोलो शिल्लक होता. शेवटच्या कडव्याआधी सगळे थांबणार आणि गिटार एकटं वाजणार, हे मी भांडून मिळवलं होतं. त्यासाठी मी इतका सराव केला की सहामाहीत फिजिक्सचा पेपर कोराच दिला (फोन कपाटात का, याचं उत्तर हे).

सांगलीचा कार्यक्रम असा झाला की पडदा उघडल्यावर पांढरा धूर सोडला. त्या लोकांना वाटलं शोभा येईल. आमच्या चार बायका आग लागली म्हणून घागरी घेऊन धावल्या, आणि घागरीत वाळू होती, ती त्यांनी धुराच्या यंत्रावर ओतली. ते तिथंच थांबलं. प्रेक्षकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाणं सुरू झालं, आणि काय रंगलं म्हणून सांगू. माझी वेळ आली. मी गुडघ्यावर बसलो, डोळे मिटले, मान मागं टाकली आणि वाजवायला लागलो. आवाज आला नाही. मला वाटलं, नाट्यगृह मोठं आहे, यायला वेळ लागत असेल. सगळा सोलो मी तसाच वाजवला. व्हिडिओत माझा चेहरा स्पष्ट दिसतो, मामा, तो कृपा करून बघू नका. मागं बिरदेवनं ढोलावर ताल धरून ठेवला होता, बायका हलक्या हातानं घागरींवर अंगठीनं रेघ ओढत होत्या, आणि लोक त्याच्यावर खूश होते. मी डोळे उघडले तेव्हा गिटारची वायर माझ्या पायाशी पडलेली होती. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात माझं कोपर आहे.

परत येताना टेंपोत सगळे गात होते. नागज फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "वायर कुणी काढली?"

साक्षीनं चहाकडं बघितलं. धम्मपालनं डोळे मिटले. बिरदेव म्हणाला, "मी."

मामा, साक्षी म्हणाली असती तर मी भांडलो असतो. बिरदेव म्हटल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. बायका कप हातात धरून आमच्या भोवती गोळा झाल्या. मी म्हणालो, "का?"

"ताल सुटला हुता रं तुझा," तो म्हणाला. "दर खेपंला सुटतो. ह्या येळंला तुझ्या मागं पन्नास बायका हुत्या. तुला धरून समद्या गेल्या असत्या."

"मला सांगायचंस."

"तळ्यात असल्यापास्नं सांगतोय. तू ऐकलंस कवा?"

सुलाबाईंनी दोघांची बाजू ऐकून घेतली आणि निकाल दिला की वायर काढायला नको होती आणि काढली ते बरं झालं. मी उठून उभा राहिलो आणि संस्थापक या नात्यानं जाहीर केलं की टँकर हा बँड या क्षणापासून बरखास्त आहे. माझी कल्पना अशी होती की आता सगळे मला अडवतील, बिरदेव हाताला धरेल, साक्षी रडेल. तेवढ्यात भजी आली. सगळे भज्यांकडं वळले. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग बसलो. भजी चांगली होती.

तर मामा, बँड फुटला म्हणजे नेमकं असं झालं की मी सोडून सगळे एका बाजूला गेले. आता त्यांचं नाव 'सुलाबाई आणि रिकाम्या घागरी'. साक्षी कार्यक्रम ठरवते, धम्मपाल गाणी लिहितो आणि गातो, बिरदेव मधे उभा असतो. हळदीला, जत्रेला, पार मिरजेपर्यंत त्यांना बोलावणं असतं. टँकर हे नाव माझ्याकडं राहिलं, त्यावर कुणी हक्क सांगितला नाही. एकट्यानं मी आप्पासाहेबांच्या तळ्यात एकदा उतरून बघितलं. वरून आप्पासाहेब म्हणाले, "बाकीची कुठायत?" मी म्हणालो, येतील. ते बांधावर बसून राहिले, मग त्यांनीच दोर सोडला आणि मला वर घेतलं.

पण तुम्ही काळजी करू नका. मी आता पूर्ण शांत आहे. संगीत या विषयातून माझं मन निघालेलं आहे. बिरदेवशी माझं बोलणं बंद आहे. गिटार माळ्यावर टाकलंय आणि मी फिजिक्समध्ये बुडालोय. ध्वनी हा धडा वाचताना थोडा त्रास होतो, तो सोडून बाकी पुस्तक छान आहे.

मामींना पुन्हा नमस्कार. थंडीत जपा, गुडघ्यावर जोर देऊ नका, आणि तुमची रेंज आली की आमच्याकडं आधी आईला बोलू द्या, नाहीतर ती मला बोलते.

तुमचा संगीतसंन्यास घेतलेला भाचा,
वीरधवल

ता. क. आई म्हणते, येताना अक्रोड आणा, मागच्या वेळचे कडू निघाले होते, हे मात्र लिहू नकोस.

ता. क. दुसरं. मेअखेरीस तुम्ही निवृत्त होऊन याल तेव्हा तुमच्या गावातून उघड्या जीपमधून मिरवणूक काढायचं आजोबांनी ठरवलंय. डीजे रद्द झाला आहे. त्याजागी 'रिकाम्या घागरी' ठरल्यात. सुलाबाई तुमच्याच गावची लेक, दर राखीला त्या तुम्हाला पाकीट पाठवतात, आणि या जगात त्या ऐकल्या तर फक्त तुमचंच ऐकतील. तेव्हा एक फोन त्यांना करावा, असं आपलं मला वाटलं. 'भाच्याला घ्या' असं थेट म्हणू नका, 'वीरू दिसत नाही कुठं' असं म्हणा. गिटार पाहिजेच असा माझा हट्ट नाही. जीपच्या मागं चालत घागर वाजवायचीही तयारी आहे. पितळेची एक मी पाहून ठेवलीय, साक्षीनं तिच्यात वाळू घालून दिलीय. पत्र लिहिण्याचा हेतू हा नव्हता, बोलता बोलता आठवलं.

ता. क. तिसरं, हे मी बिरदेव लिहितोय. मामा, नमस्कार. पत्र जतला टाकायला माझ्याकडं दिलंय, पाकीट उघडंच हुतं म्हणून वाचलं. आमचं बोलणं बंद न्हाई. रोज सांजच्याला त्यो आमच्या वाड्यावर येतो, मेंढरं आत घालून झाली की मी त्याला ताल शिकवतो. गिटार माळ्यावर न्हाई, आमच्यात हाय. तेवढा फोन तुमी कराच. आता त्याचा ताल सुटत न्हाई. म्हंजे सुटतो, पर आता सुटला की त्यालाच कळतं, आन त्यो माझ्याकडं बघतो.